डोंगराकडे उशी

इथे आखातात, अदलियातल्या एका कॅफेवाल्याला अंगणात बाली हवं होतं. आमच्या वर्कशॉपने ते त्याला करून दिलं. सहा खांब, मध्ये उंच लाकडी बैठक, वर उतरतं छप्पर. बालीत याला बाले म्हणतात आणि त्याला भिंती नसतात. कॅफेवाल्याने चारी बाजूंनी काच लावून घेतली, आत दोन एसी बसवले, छपरावर प्लास्टिकचं गवत चढवलं. मी फोरमन. गिऱ्हाईक सांगेल ते करायचं आणि घरी जाऊन शिव्या द्यायच्या, हा माझा बावीस वर्षांचा शिरस्ता.

आमचा सुतार सुयोग, माझ्याच गावचा, कणकवलीकडचा. तो आपल्या बायकोला ते काम दाखवायला घेऊन आला. कादेक बालीची, इथे एका स्पामध्ये नोकरीला. ती काचेला हात लावून इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. "भाई, इसका साँस बंद कर दिया," मला म्हणाली. मग बशीत साखर सांडून तिने मला बोटाने तिचं गावाकडचं घर काढून दाखवलं. त्यांच्यात घराला माणसासारखे अवयव असतात. डोंगराच्या बाजूला डोकं, तिथे कुळाचे देव. समुद्राच्या बाजूला पाय, तिथे चूल आणि केरकचरा. मध्ये मोकळं अंगण, ते पोट. तिथली हवा ओली, म्हणून भिंती घालायच्या नाहीत, नाहीतर लाकूड कुजतं. आणि पूर्वेला एक उघडी बाले. मुलाचं बारसं तिच्यावर, लग्न तिच्यावर, आणि माणूस गेलं की त्याला निजवायचंही तिच्यावरच.

"इथे डोंगर कुठून आणणार?" मी चिडवलं. जबल दुखानला इथले लोक डोंगर म्हणतात. आमच्याकडे त्याला कुणी टेकाडही म्हणणार नाही, शेळीसुद्धा चढताना धापा टाकत नाही. कादेकने मात्र गंभीरपणे विचारलं, तो नक्की कुठल्या दिशेला आहे.

कॅफे वर्षभरात बुडाला आणि ते लाकूड आमच्या मआमीरच्या यार्डात परत येऊन पडलं. तोवर कादेकच्या पोटात गाठ निघाली होती. डॉक्टरांनी उपचार थांबवले, घरी न्या म्हणाले. घर म्हणजे वर्कशॉपच्या मागची पत्र्याची खोली. सुयोगने मालकाकडे, जैनुद्दीनशेठकडे, ते लाकूड मागितलं. शेठ फार बोलणारा माणूस नाही. "ले जा. खलास," एवढंच म्हणाला.

सुयोगने खोलीसमोर बाले उभी केली. कादेक खुर्चीत बसून सांगायची आणि तो करायचा. आधी त्याने तिचा हात मापला. कोपरापासून बोटांपर्यंत, मग मूठ. त्यांच्यात घरधन्याच्या अंगाच्या मापाने खांब कापतात आणि वर बोटभर जास्त ठेवतात. ते बोटभर घराच्या जिवासाठी. प्रत्येक खांबाचा मुळाकडचा भाग खाली पाहिजे, झाड जसं उभं असतं तसा. कॅफेच्या कामात आम्ही दोन खांब उलटे रोवले होते, ते तिने लांबून ओळखले आणि सुलटे करवले. प्लास्टिक फेकून खजुराच्या झावळ्या घातल्या. फेब्रुवारी होता, बाहेर निजण्यासारखी हवा होती, फक्त कारखान्यांचा वास यायचा. उशी जबल दुखानकडे, पाय सित्र्याच्या समुद्राकडे. मी माझ्या हाताने होकायंत्र लावून बघितलं. मला रडू येत होतं म्हणून मी सगळ्यांवर खेकसत होतो.

तिला मरायची भीती नव्हती. तिला भीती होती ती कुठल्याच घराची न राहण्याची. लग्नाच्या वेळी तिने माहेरच्या देवळात आपल्या पूर्वजांचा निरोप घेतला होता. मी आता नवऱ्याच्या घरची, असं त्यांना सांगून झालं होतं. आता तिथे नेऊन तिचं शेवटचं करता येईल का, म्हणून सुयोगने तिच्या भावाला व्हिडिओ कॉल केला. भाऊ भला माणूस. कॅमेऱ्यात पूर्वेची बाले दाखवता दाखवता रडायला लागला. म्हणाला, आणा तिला, मी सांभाळीन, पण या घरात ती पाहुणी असेल. तिचे देव आता तुमच्याकडचे.

आणि आमच्याकडच्या देवांना तिचा पत्ताच नव्हता. सुयोगने लग्न आईपासून चार वर्षं लपवलं. कळल्यावर काकींनी, म्हणजे त्याच्या आईने, त्याचा फोन उचलायचं सोडून दिलं. मुलगा परजातीची, परमुलखाची बाई करून बसला, एवढंच त्या वाडीत सांगत होत्या. कादेक एकच मागत होती. आईने एकदा, फक्त एकदा, घरच्या देवापुढे माझं नाव घ्यावं.

शेवटी मी फोन केला. काकी मला लहानपणापासून ओळखतात, माझा फोन त्या उचलतात. मी सगळं सांगितलं. त्यांनी तिचं नाव विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "बरा. शुक्रवारी सकाळी फोन कर. नारळ ठेवतंय, गाऱ्हाणा घालतंय." मला इतका आनंद झाला की मी जैनुद्दीनशेठलाही चहा पाजला.

शुक्रवारी आम्ही फोन स्पीकरवर टाकून कादेकच्या उशाशी ठेवला. सुयोगने तिला नवी ओढणी घातली होती. गाऱ्हाणं म्हणजे काय ते त्याने तिला समजावलं. आई देवाशी बोलेल, आणि तिचं एकेक वाक्य संपलं की जमलेल्या सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. नाहीतर ते देवाला पोचत नाही. तिने दोनतीनदा म्हणून बघितलं. तिचा 'ळ' कधी जमला नाही, पण हे चांगलं जमलं.

पलीकडून काकींचा आवाज आला. "हे देवा म्हाराजा, घरच्या राखणदारा, तुज्यासमोर नारळ ठेवलंय, तो मान्य करून घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आम्ही तिघं म्हणालो.

"माजो झील परमुलखात पोटासाठी गेलोहा, तेच्यार तुजी नजर ऱ्हवांदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"जी कोण कादेक नावाची बाय तेच्या वाटेर इली, ती वाट मोकळी कर रे म्हाराजा."

सुयोगचं तोंड उघडलं ते तसंच राहिलं. कादेकला आमची भाषा कळत नव्हती, पण आपलं नाव कळलं. तिचा चेहरा उजळला. तिने हात जोडले आणि एकटीच म्हणाली, "व्हय म्हाराजा."

"तिका नेवचीच आसात, तर बेगीन ने रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आणि माजो झील माका मोकळो करून परत दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." आवाज फाटला होता, पण तिने जोर लावून म्हटलं. देवाला पोचायला हवं होतं ना.

मी फोनवर झडप घातली, स्पीकर बंद केला आणि चार पावलं लांब गेलो. तेवढ्यात काकींनीच विचारलं, "बाळा, ता बायलमाणूस कोण बोलत होता?"

"तुमची सून," मी म्हणालो. "तुम्ही देवाकडे तिचं मरण मागितलंत, आणि तीच तुम्हाला व्हय म्हणत होती."

मग काकी म्हणाल्या, "माका खय म्हायत होता, ती थयच आसा." त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"परत घाला. आत्ता घाला. नारळ समोर आहे ना?"

"नाय रे बाळा. व्हय म्हटलेला गाऱ्हाणा मागे घेवक येणा नाय." आणि त्या रडायला लागल्या. मोठ्याने, वाडीला ऐकू जाईल अशा. मला त्यांची दया आली नाही. आजही येत नाही.

बालेवरून कादेकने विचारलं, "माँ क्या बोल रही है?"

मी सुयोगकडे बघितलं. तो तिच्या पायांवरचं पांघरूण नीट करत होता.

"पूछ रही है," तो म्हणाला, "बहू ने खाना खाया क्या."

परवापासून तिच्या घशाखाली पाण्याशिवाय काही उतरलं नव्हतं. ती उशीवर मान टेकवून हसली.

"बोलो माँ को, खाया. पेट भर के खाया."