फ्रान्सला चला ना तुम्हीही

ऑगस्टमध्ये फ्रान्सच्या खेड्यात जाऊ नका, हे आम्हाला ज्याला ज्याला विचारलं त्यानं सांगितलं, आणि ज्याला विचारलं नव्हतं त्यानंही. पहिल्या शनिवारी, आम्ही राहतो तो अख्खा नेदरलँड्स सुट्टीला निघून एकाच रस्त्यावर उभा असतो. त्या दिवसाला इथे काळा शनिवारच म्हणतात. खेड्यातला बेकरीवाला दुकानाला कुलूप लावून स्वतः समुद्रावर गेलेला असतो. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. माझा नवरा श्रेयस रोज सकाळी दात घासायच्या आधी तिथलं तापमान बघायचा आणि मला वाचून दाखवायचा. अडतीस. एकोणचाळीस. एसी नाही, पण भिंती जाड आहेत, असं घरमालकिणीनं कळवलं तेव्हा तो म्हणाला, नागपूरला मावशीकडेही भिंती जाड होत्या, आणि वर कूलर होता.

बुकिंग रद्द करायला गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत मुभा होती. श्रेयसला रद्द करायचं होतं. मला जायचं होतं, आणि त्याचं कारण फ्रान्स नव्हतं.

ऑगस्टच्या शेवटी जुई चार वर्षांची होणार, आणि इथे चौथा वाढदिवस झाला की मूल शाळेत जातं. आत्ताच ती आठवड्यातले तीन दिवस पाळणाघरात असते. उरलेल्या वेळात मी मराठीत विचारते, ती डचमध्ये उत्तर देते, आणि दोघींच्या मध्ये माझा लॅपटॉप उघडा असतो. शाळा सुरू व्हायच्या आधी मला ती एक आठवडा सगळीच्या सगळी हवी होती. जिथे बघायला काही नाही, करायला काही नाही, अशा ठिकाणी. तसं पाहिलं तर बंद बेकरी ही सोयच होती. दुसऱ्या महिन्यात जावं, तर श्रेयसला रजा नाही. त्याच्या ऑफिसातली माणसं जानेवारीतच उन्हाळा वाटून घेतात.

त्यात शेजारच्या मारयानचं झालं. मारयान सत्तरीची आहे, तिच्याकडे कॅरव्हॅन आहे आणि हेंक नावाचा शांत नवरा आहे. जुईचा तिच्यावर इतका जीव, की नाक पुसून घ्यायलाही ती कुंपणापलीकडे जाते. रविवारी मारयानही मला ऑगस्टबद्दल समजावत होती. सगळं ऐकून घेतलं आणि निघता निघता, जसं आपण म्हणतो तसं, मी म्हणाले, "चला ना तुम्हीही आमच्याबरोबर."

आता याचं उत्तर ठरलेलं असतं. समोरच्यानं म्हणायचं, छे हो, तुम्ही जाऊन या मजेत. मग आपण अजून एकदा आग्रह करायचा, त्यानं अजून एकदा नको म्हणायचं, आणि दोघांनी समाधानानं आपापल्या घरी जायचं. मारयान म्हणाली, डायरी बघून सांगते.

मंगळवारी तिचा मेसेज आला. आठ ते पंधरा ऑगस्ट जमतंय. कॅरव्हॅन तुमच्या अंगणात लावू. बटाटे आम्ही आणतो. मांजराची सोय झाली आहे.

श्रेयस हसून हसून खुर्चीतून घसरला. "किती वेळा म्हणालीस तिला?"

"एकदाच रे. निघताना म्हणतात तसं."

"इथे एकदाच पुरतं, बाई."

त्याच्या मते आता प्रश्नच मिटला होता. उकाड्याचं कारण सांगायचं, बुकिंग रद्द करायचं, कुणाचं मन दुखवायला नको. पण मग माझा आठवडाही गेला. दुसरं कारण काय द्यावं, यात माझे दोन दिवस गेले. सासूबाईंची तब्येत हे आपलं हुकमी कारण चालणार नव्हतं. मारयाननं आदल्याच आठवड्यात त्यांच्याशी व्हिडिओवर गप्पा मारल्या होत्या आणि त्या चांगल्या ठणठणीत दिसल्या होत्या.

गुरुवारी चार वाजता मी गेले. नकार द्यायला रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून शिरा केला. मारयानच्या टेबलावर फ्रान्सचा नकाशा पसरलेला. मी हवेबद्दल बोलले, मग शिऱ्याच्या कृतीबद्दल, मग परत हवेबद्दल. शेवटी तिनंच चष्मा काढून विचारलं, "तुला नक्की काय सांगायचं आहे?"

"तुम्ही आलात तर जुई आठवडाभर तुमच्यामागे फिरेल," मी म्हणाले. "आणि मला ती माझ्यामागे हवी आहे."

बोलून गेले आणि कान तापले. इतकी लहान गोष्ट, आणि सत्तरीच्या बाईसमोर.

"मग मला बोलावलंस कशाला?"

मी सांगितलं की आमच्याकडे निघताना असं म्हणतात. समोरची माणसं नको म्हणतात. तिनं विचारलं, मग बोलावणाऱ्याला वाईट वाटत नाही? मी म्हणाले, नाही, उलट बरं वाटतं. यावर मारयाननं चष्मा परत लावला. मग खोडरबर घेऊन डायरीतले आठ ते पंधरा ऑगस्ट खोडले, कचरा फुंकला आणि म्हणाली, ठीक, समजलं. हेंकला आत ओरडून कळवलं की आपण सप्टेंबरमध्ये जातोय. शुक्रवारी पहाटेच निघा, शनिवारी नाही, पाव इथूनच न्या, असं मला बजावलं आणि शिरा ठेवून घेतला.

घरी येईपर्यंत मला हलकं वाटलं, आणि दारात पोचल्यावर थोडं वाईट. इतक्या सहज खोडलं?

श्रेयस बुकिंगचं पान उघडून तयारच बसला होता. साडेपाच झाले होते. जुई टेबलाखाली आपली बाहुल्यांची पिशवी भरत होती. मारयानच्या कॅरव्हॅनमध्ये मला झोपता येईल का, असं तिनं डचमध्ये विचारलं. मारयान येत नाहीये म्हटल्यावर तिचा खालचा ओठ बाहेर आला. का?

मीही टेबलाखाली शिरले. "कारण मला तू एकटीच हवी आहेस."

तिनं ओठ आत घेतला. मग स्वच्छ मराठीत म्हणाली, "बाबा पण नको?"

वर खुर्ची करकरली. श्रेयसनं वाकून आमच्याकडे पाहिलं. इतकी आशा मी त्याच्या चेहऱ्यावर लग्नातही पाहिली नव्हती.

"बाबा हवा," मी म्हणाले. "गाडी कोण चालवणार?"

"आणि बाबा तिथे कुठे झोपणार? आणि आपण दोघी कुठे?" जुईनं विचारलं. तेही मराठीत, एकापाठोपाठ एक.

श्रेयसनं रद्द करायच्या बटणावरचा हात हळूच काढला. सहा वाजेपर्यंत ती विचारत राहिली, आणि आम्ही दोघंही जागचे हललो नाही.