निळी न झालेली पट्टी

ब्राह्मी सांगलीची. द्राक्षांवर फवारणीच्या औषधाचा अंश राहिलाय का, हे बागेतच तपासून देणाऱ्या एका छोट्या कंपनीत ती नोकरी करायची. घड पाण्यात खळबळायचा आणि त्या पाण्याचा थेंब कागदी पट्टीवर सोडायचा. पट्टीवर एन्झाइम असतं. पाण्यात काही नसेल तर ती निळी होते. विषारी औषध असेल तर एन्झाइम बंद पडतं आणि पट्टी पांढरीच राहते.

मार्चमध्ये तासगावजवळच्या भरतेशच्या बागेत पट्टी पांढरी राहिली. ब्राह्मीने दुसरी लावली, तीही पांढरी.

"काढणीच्या तोंडावर कुणी फवारलं?" भरतेशने केरूनानांकडे पाहिलं. नाना त्याच्या वडिलांच्या वेळेपासून बागेत फवारणीला होते.

"म्या न्हाई, दादा. तुमी थांबा म्हनला, तवापास्नं पंपाला हात लावला न्हाई."

"मग ह्यात काय खोटं दिसतंय व्हय?"

घड तोडणाऱ्या बायकांनी कात्र्या थांबवल्या. नाना ब्राह्मीकडे वळले. "ताई, तुमी तरी सांगा. चुकतं का हे कवा?"

"नाही चुकत," ती म्हणाली. तिला पुढच्या गावाला जायचं होतं.

"आजपासून येऊ नका," भरतेश म्हणाला. नानांनी टॉवेल झटकून खांद्यावर टाकला आणि ते बांधावरून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात नव्या मुलीला शिकवताना ब्राह्मीने त्याच पाकिटातल्या पट्टीवर शुद्ध पाणी सोडलं. पट्टी निळी झाली नाही. दुसरीही नाही, तिसरीही नाही. तेव्हा तिला आठवलं, बागेत जाण्याच्या आदल्या दिवशी ते पाकीट दुपारभर उन्हातल्या स्कूटीच्या डिकीत राहिलं होतं. उष्णतेनं एन्झाइम निकामी झालं होतं. नवं पाकीट फोडलं की आधी शुद्ध पाण्यावर एक पट्टी तपासायची, हे तीच इतरांना सांगायची. त्या दिवशी तिने ते केलं नव्हतं.

नवं पाकीट घेऊन ती तडक बागेत गेली. पट्टी लगेच निळीशार झाली.

"उतरलं की औषध!" भरतेश हरखला.

ब्राह्मीने होकारार्थी मान हलवली. ती बोलली नसती तर कुणालाच काही कळणार नव्हतं. स्कूटीपाशी जाऊन तिने हेल्मेट चढवलं, पण किल्ली फिरवायला हात धजेना. हेल्मेट काढून ती परत आली.

"औषध नव्हतंच दादा. पट्ट्या खराब होत्या. मी तपासून बघितल्या नाहीत."

भरतेश बांधावर बसला. "सगळ्यांदेखत बोललो मी त्यांना," एवढंच तो म्हणाला.

दोघं नानांच्या घरी गेले. नाना दारातच बसले होते. ब्राह्मीने सगळं सांगितलं, एकही गोष्ट न वगळता. भरतेशने हात जोडले. "चुकलं माझं, नाना. उद्यापासून या. बायकांसमोर मी सांगतो, चूक माझी."

"सांगा," नाना म्हणाले. "तेवढं सांगा. पर म्या न्हाई येनार."

त्यांची बायको लक्ष्मीबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. तिने तो ब्राह्मीच्या हातात दिला. "तुमी पट्टीचं आयकलं, त्यांनी तुमचं आयकलं. ह्यांचं कुनीच न्हाई आयकलं."

ब्राह्मीने पाणी न पिताच तांब्या खाली ठेवला.

"असू दे गं," नाना बायकोला म्हणाले. मग ब्राह्मीला, "तुमी परत आला, हे लय झालं. न्हाईतर माझ्या पोरांनाबी वाटलं आसतं, बा खोटं बोलला."

भरतेशने दुसऱ्या दिवशी बागेत सगळ्यांसमोर चूक कबूल केली. नाना नंतर पलीकडच्या गावातल्या बागेत कामाला लागले. ब्राह्मीने ऑफिसात स्वतःच लेखी कळवलं. साहेब रागावले, पण नोकरी राहिली. आता कुणी "हे चुकतं का कधी?" असं विचारलं, की ती "चुकतं" म्हणते आणि आधी शुद्ध पाण्याची पट्टी समोर धरते. नानांच्या नव्या बागेतली तपासणी मात्र तिने दुसऱ्या माणसाला द्यायला सांगितली. तिथं जायची हिंमत तिला अजून झालेली नाही.