तळाशी नाव नसलेलं भांडं

राजनंदिनीला जाऊन आठ महिने झाले होते. एका दुपारी तिची मैत्रीण तहरीम रिक्षातून एक जड खोकं घेऊन तिच्या वडिलांच्या, अमरसिंहांच्या दारात उतरली. या दोघी आणखी दोघी-तिघींबरोबर कळंब्याच्या वाटेवर एक शेड भाड्यानं घेऊन मातीची भांडी करायच्या. डेंग्यूचं निमित्त झालं, राजनंदिनी गेली, आणि मागं उरलेल्या पोरींचंही मन त्यात लागेना. आता शेड सोडायची होती.

खोक्यातून वाडगे निघाले, पेले निघाले, एक बसकी किटली निघाली. सगळ्यांवर झिलई, आणि प्रत्येकाच्या तळाला काळ्या रंगात ब्रशनं लिहिलेलं 'रा'. तिची आई वर्षाराणी एकेक भांडं पदरानं पुसत होती आणि पुसता पुसता रडत होती. अमरसिंह खुर्चीत बसून बघत होते. उजवा हात नेहमीसारखा खिशात.

त्या हाताची गोष्ट सगळ्या उद्यमनगराला ठाऊक होती, तरी ते तो लपवायचे. अमरसिंह पॅटर्न करणारे. कारखान्यात लोखंडाचा रस ओतायचा तर आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना लागतो, तो घडवणारे. पोरगी लहान असताना एकदा करवतीत करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. दुखणं महिन्याभरात थांबलं, लाज मात्र कायमची राहिली. लग्नात, पै-पाहुण्यांत चहा आला की कप डाव्या हातात घ्यायचा. कुणी विचारलंच तर डावखुरा आहे म्हणून ठोकून द्यायचं. इतकी वर्षं हे नाटक चाललं होतं आणि कुणाचाही त्यावर विश्वास नव्हता.

खोक्याच्या तळातून शेवटी एक चमत्कारिक वस्तू निघाली. राखाडी-निळी, पेल्याएवढी. पण एका अंगाला गळू आल्यासारखा फुगवटा, त्याच्या वर दोन खळगे, पलीकडच्या अंगाला आणखी एक. कान नाही, झाकण नाही. वर्षाराणीला ते पेन ठेवायचं भांडं वाटलं, मग दिवा वाटला. उलटं करून पाहिलं तर तळ कोरा.

तहरीम खोटं बोलणारी पोरगी नव्हती. तिनं सरळ सांगितलं की भट्टी सगळ्यांची एकच, कुणाचं काय कुठं गेलं याचा पत्ता नाही. मध्यंतरी बाहेरून एक नावाजलेल्या बाई शिकवायला आल्या होत्या. त्यांचंही काही मागं राहिलं होतं, आणि त्या ते मागत होत्या. राजनंदिनीचं नाव नाही म्हणजे बहुधा त्यांचंच.

"रविवारपतोर ठेवा काकी," ती म्हणाली. "काय कळलं न्हाय तर मी घेऊन जाते."

अमरसिंहांना रात्री झोप येईना. लेकीच्या हातची एक वस्तू परक्याच्या घरी जायची, नाहीतर परक्याची वस्तू लेकीची म्हणून आपण पुजत बसायचं, यातलं काहीच त्यांना सोसणारं नव्हतं. पोरगी आता परत येऊन सांगणार नव्हती. त्यांनी वस्तू टॉवेलात गुंडाळली आणि ते गावभर हिंडले.

बापट कॅम्पातल्या ओळखीच्या कुंभारानं ती हातात घेतली, वाजवून बघितली आणि परत दिली. गणपतीचं विचारा, मडक्याचं विचारा, ही माती आपल्याकडची नव्हे, म्हणाला. चित्रकला शिकवणारे एक सर होते, त्यांनी ती खिडकीपाशी नेऊन बराच वेळ फिरवली. काम स्टुडिओतलं आहे, हात जाणता आहे आणि हा माणसाच्या व्यथेचा आकार आहे, असं त्यांचं मत पडलं. व्यथा अमरसिंहांच्या घरात रगड होती, तिच्यासाठी सरांकडं जायची गरज नव्हती. करणारीचं नाव तेवढं सरांनाही सांगता आलं नाही.

सगळीकडं त्यांनी वस्तू डाव्या हातानं पुढं केली, डाव्या हातानं परत घेतली.

रविवारी तहरीम आली. वर्षाराणी आत चहा टाकत होती. अमरसिंहांनी वस्तू टॉवेलातून काढून टेबलावर ठेवली तोच फोन वाजला. त्यांच्याच हाताखाली शिकलेला पुतण्या ऋतुराज पॅटर्नच्या दुकानातून कसलंसं माप विचारत होता. डाव्या हातात फोन होता, तहरीम समोर हात पुढं करून उभी होती. तिला ताटकळत ठेवणं बरं दिसेना, म्हणून त्यांनी खिशातला उजवा हात काढला आणि वस्तू उचलली.

फोनमध्ये ऋतुराज काका काका करत राहिला.

अंगठा पलीकडच्या खळग्यात गेला होता, दोन बोटं अलीकडच्या दोन खळग्यांत. आणि जिथं पुढची दोन बोटं हवी होती तिथं तो फुगवटा तुटक्या खुंटांखाली येऊन टेकला होता. तो पेला होता. एकाच माणसाच्या एकाच हातासाठी केलेला.

मग त्यांना मागची दिवाळी आठवली. पिशवीतून ओल्या मातीचा गोळा काढून पोरगी म्हणाली होती, "आप्पा, जरा मुठीत धरा. उजव्या." काय पोरखेळ लावलाय म्हणून ते करवादले होते, गोळा दाबला होता आणि हात धुऊन टाकले होते. संध्याकाळी त्यांचाच कॅलिपर घेऊन ती त्या गोळ्यावर कसलीतरी मापं घेत बसली होती. त्यांनी विचारलंसुद्धा नव्हतं.

पण बोटं नीट बसेनात. खळगे जवळजवळ होते, दोन्ही बोटं एकमेकांवर चढत होती. सगळा पेलाच हाताला लहान होता.

"माती भाजल्यावर किती आकसती गं?" त्यांनी विचारलं.

"आमची? वाळून भाजून आठवा हिस्सा जाती, काका. एरवी आमी कुठं माप बघतोय? वाडगा जरा बारका झाला तर बिघडतंय काय?" तहरीम त्यांच्या हाताकडं बघत होती. तिच्या आता लक्षात आलं. "पहिल्या भाजणीनंतर, झिलई चढवायच्या आधी नाव लिवायची ती. मनासारखं झालं न्हाय तर लिवायची न्हाय. ह्ये बारकं झालं म्हणून नाव न लिवताच झिलई चढवून ठेवलं असणार तिनं. दुसरं करायचं असंल."

अमरसिंह खाली बसले. ओतलेला रस थंड होताना आकसतो, म्हणून पॅटर्न मापापेक्षा मोठा करायचा असतो. त्यासाठी वेगळी पट्टी असते, तिच्यावरचा इंच खऱ्या इंचाहून मोठा आखलेला असतो. हा त्यांच्या धंद्यातला पहिला धडा. तिनं आयुष्यात पहिल्यांदा माप घेऊन काही घडवलं, ते जसंच्या तसं मातीत उतरवलं आणि तिथंच फसली.

"ऋतुराजला म्या पहिल्याच दिवशी ती पट्टी हातात दिलती," ते म्हणाले. "ही दुकानाच्या दारात येऊन हुभी ऱ्हायची. भुसा उडतोय, घरला जा म्हणायचो. तिला कोण सांगणार हुतं?"

आणि ते पोराटोरासारखे रडले. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

वर्षाराणी चहाचा ट्रे घेऊन दारात थांबली होती. तहरीमनं डोळे पुसले, गोळ्याची मापं असतील तर बरोबर मोठा पेला मी करून देते, म्हणाली. अमरसिंहांनी नको म्हणून मान हलवली. मग पेला बायकोपुढं धरला. तिनं ट्रेमधल्या कपातला चहा त्यात ओतला.

परक्या माणसासमोर त्यांनी तो उजव्या हातानं उचलला. बोटं एकमेकांवर चढली, पेला कलला आणि पहिल्याच घोटाला चहा शर्टावर सांडला. त्यांनी हात बदलला नाही.