लेकीच्या खोलीवरचा माळा

मित्रांनो, मी दिंद्रुडच्या एका घरातला म्हातारा माळा. बंकट सुतारानं बाभळीच्या तुळया आणि कडुनिंबाच्या फळ्या ठोकून मला शफीभाई फळवाल्यांच्या घरात बसवलं, तेव्हा त्यांची लेक मुबश्शिरा रांगत होती. वर पत्र्याचं छप्पर, खाली एक खोली, मध्ये मी. घरात ज्याला जागा नाही ते सगळं माझ्या अंगावर: लग्नातली पातेली, वाकळा, फळांच्या रिकाम्या पेट्या. ईदच्या आधी सलिमाभाभी मला झाडून घेत आणि म्हणत, "ह्यो माळा हाय म्हणून माझा संसार मावतोय." तेवढं कौतुक मला वर्षभर पुरायचं.

उन्हाळ्यात मात्र मी बदनाम. पत्रा तापला की मी तापतो आणि मी तापलो की खालच्या खोलीची भट्टी होते. मग घरातले उठून ओसरीत जाऊन बसत. यंदा तसं चालणार नव्हतं. मुबश्शिराचे दिवस ऐन मे महिन्यात भरत होते आणि पहिलं बाळंतपण माहेरीच, हा रिवाज. तोच लेकीच्या सासरहून, कडा गावाहून, विहीणबाईंचा फोन आला. "समधन, तुमच्या पत्र्याखाली लेकरू भाजून निघंल. आमचं घर स्लॅबचं हाय, इथंच होऊ द्या. शुक्रवारी येते, खोली बघते, मग ठरवू."

फोन ठेवून सलिमाभाभी माझ्याखालीच रडत बसल्या. मला हात असते तर त्यांच्या पाठीवरून फिरवले असते.

शफीभाईंनी तातडीनं गव्हाचं काड आणलं, सामान अंगणात काढलं आणि माझ्या फळ्यांवर गुडघाभर काड पसरलं. खोली खरंच निवली. पण फळवाल्याला काड दिसलं की त्याचे हात शिवशिवतात. दुकानात कच्चे आंबे येऊन पडलेलेच होते. "एवढं काड रिकामं ठेवायचं कावून?" असं म्हणत त्यांनी माझ्यावर आंब्यांची अढी लावली! मित्रांनो, अढीत पिकताना आंबे स्वतःच ऊब सोडतात. वरून पत्रा, पोटात आंबे. मी दोन्हीकडून भाजू लागलो. रोगापेक्षा औषध भयंकर, ते असं.

"आवो, ही खोली हाय का अढी?" सलिमाभाभी कडाडल्या. "लेकीला बी पिकवता का?"

शफीभाई ओशाळले. "हाताची खोड हाय, सलिमा. काढतो आत्ता."

"काड बी काढा. ऊन वरून येतंय, तर त्याला वरच अडवा. सामानाला जागा तरी राहील."

मग दुकानातल्या द्राक्षांच्या पेट्यांचे थर्माकोल आले. सलिमाभाभींनी ते बारदानात घालून वाकळीसारखे टाके घातले. बंकट आता थकलाय, पण शिडी चढला. पत्र्याखाली वीतभर फट ठेवून त्यानं पट्ट्या मारल्या आणि त्यांवर ती वाकळ ताणून बसवली. फटीतली गरम हवा बाहेर पडावी म्हणून दोन्ही भिंतींत वर झरोके पाडले. पातेली, वाकळा, पेट्या सगळं माझ्यावर परत आलं. आंबे दुकानात गेले. जन्मात पहिल्यांदा मला उन्हाळ्यात पांघरूण मिळालं होतं!

शुक्रवारी विहीणबाई मुद्दाम भरदुपारी आल्या. त्यांनी वर पाहिलं, भिंतीला हात लावला. "बसते जरा," म्हणून तक्क्याला टेकल्या आणि बघता बघता घोरू लागल्या. सलिमाभाभींनी घरात भांडंसुद्धा वाजू दिलं नाही. दिवस कलल्यावर असरची अजान झाली तेव्हा कुठे विहीणबाईंना जाग आली.

"इतकी झोप मला माझ्या स्लॅबखाली बी लागत न्हाई," त्या डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाल्या. "पाठवते पोरीला. पर संगं मी बी येणार, आताच सांगून ठेवते."

मित्रांनो, माळा म्हणजे नुसती अडगळ टाकायची जागा नव्हे. वर्षातून एकदा, उन्हाळा लागायच्या आधी, शिडी लावून वर या. पत्रा किती तापतो ते हातानं बघा आणि आमच्यावर मायेनं काहीतरी पांघरा. आमच्या अंगातली आग शेवटी तुमच्याच माणसांवर उतरते.

फळ्यांच्या फटींतून मला खालचं थोडंफारच दिसतं, पण ऐकू सगळं येतं. काल टळटळीत दुपारी एक नवंकोरं लेकरू रडलं आणि मुबश्शिरा म्हणाली, "अम्मी, पंखा जरा कमी कर. ह्याला गार लागतंय."