दोन्हीवर आकडा तोच

"शेठ, हात नका लावू. अजून थोडं राहिलंय," घड्याळावरची नजर न काढता मेघा म्हणाली.

लडकूशेठांनी लॅपटॉपकडे गेलेला हात मागे घेतला. मुरबाडातल्या या कॉम्प्युटर संस्थेचे ते अध्यक्ष. टेबलावर दोन मशिनं शेजारीशेजारी होती. एक तीन वर्षं वापरलेला डेस्कटॉप, दुसरा, सगळ्या डेस्कटॉपांच्या जागी ठेवायला घेतलेल्या लॅपटॉपांपैकी कालच खोक्यातून काढलेला एक. शेकडो चित्रं जोडून तीन मिनिटांची कार्टून फिल्म तयार करायचं एकच काम मेघाने सकाळपासून दोघांनाही दिलं होतं, ओळीने तीनदा. डेस्कटॉप केव्हाच मोकळा झाला होता.

"तुमी सकाळधरनं हेच करताय?"

"हे बघा." तिने कागद पुढे केला. "डेस्कटॉपला तिन्ही वेळा अडतीस मिनिटं लागली. लॅपटॉपला पहिल्यांदा त्रेपन्न, मग एकोणसत्तर. आता ऐंशीच्या वर गेलाय."

"पण दोन्हीवर स्पीडचा आकडा तोच हाये ना? दोन गिगाहर्ट्झ. मी दुकानदाराला इचारून घेतलंय."

मेघाने डेस्कटॉपच्या डब्याचं एका बाजूचं झाकण काढलं. प्रोसेसरवर मुठीएवढा ॲल्युमिनियमचा ठोकळा होता आणि त्याच्या डोक्यावर पंखा. "याला हवा मिळते, म्हणून हा कितीही वेळ त्याच वेगाने चालतो. लॅपटॉपमध्ये एवढी जागाच नाही. तापला की जळू नये म्हणून तो स्वतःच वेग कमी करतो. पत्रं टाइप करायला उत्तम आहे. आपल्या कामाला नाही."

"मग वर पंखा लावू."

"शेठ, आता जानेवारी आहे. कार्टूनच्या कोर्सची परीक्षा एप्रिलात, आणि आपल्या लॅबवर पत्रा आहे. सहा डेस्कटॉप तरी राहू द्या."

"बघू," म्हणत शेठांनी कागद न वाचताच घडी करून खिशात टाकला. सव्वीस जानेवारीला पाहुण्यांच्या हस्ते नव्या लॅबचं उद्घाटन झालं. ओळीने मांडलेल्या लॅपटॉपांचा फोटो पेपरात आला. डेस्कटॉप संस्थेच्या गोदामात गेले.

मेघा या संस्थेत नऊ वर्षं शिकवत होती. धसईच्या बौद्धवाड्यात तिचं घर. वडील एसटीत कंडक्टर. डिग्री घेतली त्या वर्षी तिने जुनं मशीन घरी आणून पार खोललं होतं, पुन्हा जोडलं होतं, आणि ते सुरू झाल्यावर आईला स्वयंपाक सोडून बघायला लावलं होतं. लॅबमधलं प्रत्येक मशीन तिच्या हाताखालून गेलं होतं. तरी सुटे भाग आणायला गेली की दुकानदार म्हणे, "सरांना पाठवा, त्यांना कळेल." सर असे कोणी नव्हतेच. दर जूनला संस्थेचं नवं पत्र यायचं, अकरा महिन्यांसाठी नेमणूक. काय चुकणार ते तिला आधी दिसायचं, ती सांगायचीही, आणि मग तेच निस्तरायलाही तिलाच बोलवायचे.

परीक्षेच्या आदल्या दिवशी तिने गोदामाची किल्ली मागितली. किल्ली शेठांकडे होती आणि शेठ लग्नाला गेले होते.

एप्रिलातल्या त्या सकाळी अकरालाच पत्रा तडतडायला लागला. अकरा विद्यार्थी, तीन तास. पहिल्या दोन तासांत चित्रं पुरी करायची, उरलेल्या तासात मशीनने फिल्म जोडायची. एकला सगळ्यांनी बटण दाबलं आणि लॅपटॉपांचे बारीक पंखे एकदम किंचाळायला लागले. मेघा टेबलाटेबलांमधून फिरत होती. लॅपटॉपांखाली खोडरबर ठेवून तिने ते उचलले, खिडक्या उघडल्या, छताचे पंखे फुल केले. दीड वाजता साध्या चित्रांच्या सात फिल्म शेवटाकडे आल्या होत्या. चार मागे होत्या, आणि सगळ्यांत मागे निर्मलाची.

निर्मला वैशाखऱ्याजवळच्या वाडीतली. वाडीतून बारावीपुढे शिकलेली ती पहिलीच. तिची चित्रं सगळ्यांपेक्षा बारकाईची होती, म्हणूनच मशीनला जड जात होती.

"मॅडम, पुढं सरकतच नाय," ती हळूच म्हणाली. "मी काय चुकले काय?"

"नाही. तू काहीच चुकलेली नाहीस."

दोन वाजले. निर्मलाच्या पडद्यावर एकसष्ट टक्के. ठाण्याहून आलेल्या परीक्षकांनी चार नावांपुढे 'अपूर्ण' लिहिलं.

"सर, हे काम डेस्कटॉपवर अडतीस मिनिटांत होतं. मी जानेवारीत मोजून दिलंय," मेघा म्हणाली.

"कुठे आहे ते लिहिलेलं?" परीक्षकांनी विचारलं.

तिने लडकूशेठांकडे बघितलं. ते दारात उभे होते.

"असला कागद मला काय आठवत नाय," शेठ म्हणाले. "मशिन एकदम नवीन हायत, सायेब. दोन गिगाहर्ट्झ."

परीक्षकांनी पेन बंद केलं. "मॅडम, मला नियम सोडता येत नाही. चौघांना ऑक्टोबरात पुन्हा बसता येईल. कारण लिहून सही करा."

फॉर्म तिच्यासमोर आला. शेठ जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "तयारी अपुरी, एवढंच लिवा. जूनमदी तुमचं पत्र काढायचंय ना?"

मेघाने लिहिलं, 'विद्यार्थ्यांची तयारी पूर्ण होती. दिलेली यंत्रे या कामास अपुरी होती.' खाली तिने पूर्ण नाव लिहून सही केली. शेठ बाहेर गेले. जूनमध्ये पत्र येणार नाही, हे तिला तेव्हाच कळलं.

सगळे गेले. निर्मला उठली नाही. तिने मशीनही बंद केलं नाही. मेघा तिच्या शेजारी बसली आणि वहीने लॅपटॉपला वारा घालत राहिली. टक्के एकेक करून वाढत होते.

तेवढ्यात निर्मलाची आई आली. रंगू. आज पोरीचा कोर्स संपतो म्हणून वीटभट्टीवरून अर्धा दिवस मागून घेऊन ती दुपारच्या गाडीने उतरली होती.

"झालं का गो? पास झालीस?"

"आये, जरा थांब," एवढंच निर्मला म्हणाली.

तीन वाजून दहा मिनिटांनी फिल्म पूर्ण झाली. निर्मलाने ती चालू केली. पडद्यावर एक बाई चिखल कालवत होती, साच्यात भरत होती, विटा ओळीने मांडत होती. बाईच्या साडीचा काठ रंगूच्या साडीचाच होता.

रंगू वाकून बघत राहिली. फिल्म संपली. मग तिने मान हलवली.

"ईट अशी नाय थापत गो."

रिकाम्या टेबलापुढे उभी राहून तिने बाही वर सारली. दोन्ही हातांनी नसलेला चिखल उचलला, नसलेल्या साच्यात आपटला, तळव्याने एकदाच सपाट केला. निर्मलाने वही ओढली आणि ते हात काढायला लागली.