समोर बसायला माणूस

काळुराम सरांनी ब्रश काळ्या रंगात बुडवला, वाटीच्या काठावर निथळला आणि पुन्हा बुडवला. गोविंदाच्या पत्राला आपण उत्तर दिलं नव्हतं, हे नेमकं आत्ताच आठवावं!

'सर, मे महिन्यात पेणला आखणीला या. गणपतीचे डोळे काढायला माणूस मिळत नाही.'

त्याला दोन वर्षं झाली. रोह्याच्या विनाअनुदानित शाळेत चित्रकला शिकवणाऱ्याला सुट्टीतला पगार नसतो. पण आपल्याच विद्यार्थ्याच्या कारखान्यात रोजावर बसायचं? आणि हात चालला नाही तर?

यंदा त्यांच्या पत्नीने, सगुणाने, विषयच संपवला होता.

"डोलवीला कंपनीच्या गेटवर नोंदी लिहायला माणूस पायजे. बारमाही काम हाय. सोमवारी जा."

बारमाही म्हणजे जूनमध्ये शाळा नाही. सर गोविंदाला न कळवताच पेणला आले. गोविंदाने पत्राचं नावही काढलं नाही. परदेशी जाणारी एक मूर्ती त्यांच्यापुढे सरकवली.

"एक काढून बघा, सर."

सरांनी दाराकडे पाहिलं. रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला. एक बुबुळ टेकवलं. पुन्हा दार. मग दुसरं.

गोविंदाची आई, इंदुबाई, मूर्तीसमोर फतकल मारून बसली. मान इकडे केली, तिकडे केली.

"मास्तर, ह्यो माझ्याकडं नाय बघत."

"मग?"

"दाराकडं बघतोय. याची बी गाडी सुटत्येय का काय?"

कारखान्यात खसखस पिकली. गोविंदा हसला नाही. त्याने ओलं फडकं सरांजवळ ठेवलं.

"पुसलं की जातं, सर."

सरांनी बुबुळं पुसली, ब्रश धुतला आणि "येतो" असं पुटपुटत ते बाहेर पडले.

स्टँडवर रोह्याची गाडी लागलेली होती. सरांच्या पिशवीत एक पोस्टकार्ड होतं. गोविंदाचा पत्ता लिहिलेला, बाकी कोरं. कोपरे पार मऊ झालेले. टपालपेटीवर ठेवूनच त्यांनी लिहिलं:

'गोविंदा, येतो. डोळे काढताना आईला समोर बसायला सांग.'

कंडक्टरने घंटी मारली. गाडी निघाली.

सरांनी कार्ड पेटीत टाकलं, पण आत पडल्याचा आवाज आला नाही. त्यांनी फटीत बोट घालून खात्री केली आणि कारखान्याची वाट धरली. कार्डाच्या आधी तेच पोचणार होते.