पायथ्याचं वाचन

रूपांतराचा रविवार आला की जुन्नरची मंडळी चार जीप भाड्यानं करून घाटघरला जायची. मंडळी म्हंजे चर्चची मंडळी, लहानथोर धरून चाळीस डोकी. येशूनं तिघा शिष्यांना डोंगरावर नेलं, तिथं त्याचं तोंड सूर्यावाणी लखाखलं, कापडं अशी पांढरी झाली का जगातल्या कुठल्या परटाला तशी काढता येणार न्हाईत, त्या दिवसाचा हा सण. पडतो ऑगस्टात. आन ऑगस्टात घाटघरला सूर्य म्हंजे ऐकीव गोष्ट. धुकं असं का म्होरच्याची पाठ दिसत न्हाई. तरी मंडळी पठारावर चढायची, छत्र्या उलट्या व्हईस्तवर गाणी म्हणायची, पाळकसाहेब पांढरा झगा घालून शास्त्र वाचायचे, आन तीन तासांनी सगळी दात वाजवत खाली यायची. खाली ठमाबाईच्या पडवीत गरम पिठलं-भाकरी तयार.

ती भाकरी थापायची साळुबाई. अकरा वर्षं तीच. ते पठार तिनं एकदाच पाह्यलं व्हतं, त्याच्या आदल्या वर्षी.

त्याला कारण प्रतीक्षा, तिची लेक. पोर आठ वर्षांची व्हती तवा वर नेली, आन ऐन उपासनेत तिला फिट आली. कड्यापासून वीस पावलांवर. बाप भागुजी ढोलकी वाजवत व्हता. त्यानं ढोलकी फेकली आन पोरीचा पाय धरला, म्हणून पोर वाचली. ढोलकी कड्यावरनं खाली कोकणात गेली. बाकीची मंडळी मातर अशी पांगली, जणू पोरगी न्हाई, वाघच उठलाय. खाली आल्यावर पंचांनी ठरवलं, फुडल्या वर्षापासनं पोर खाली ऱ्हाईल, पोरीसंगं आई ऱ्हाईल. बसल्या बसल्या सैपाक बी व्हईल. साळुबाईला तवा ते पटलं व्हतं. कडा म्हंजे कडाच, त्याच्याशी भांडण करून कोण जिंकतंय?

आता दोन हजार तीन साल चाललेलं. प्रतीक्षा एकोणीस वर्षांची झालेली. दहावीला बासष्ट टक्के, अख्ख्या मंडळीत तिच्यावाणी खणखणीत वाचणारं कोणी न्हाई, आन जीभ अशी का मिरचीनं दृष्ट काढावी. त्या दिवशी मंडळी वर गेली तशी ती पडवीच्या उंबऱ्यावर शास्त्र घिऊन बसली. घरवाल्या ठमाबाई कोपऱ्यात नाचणी पाखडत व्हत्या.

"काय गं पोरी, दरसाली तुमची मानसं त्या धुक्यात जाऊन करत्यात तरी काय?" ठमाबाईंनी इचारलं. "आमची गुरं बी जात न्हाईत ह्या दिसात."

"वाचत्यात, आजी."

"काय वाचत्यात? मला बी वाच की."

प्रतीक्षानं वाचलं. डोंगर, उजेड, पांढरी कापडं. मोशे आन एलीया, जुन्या काळातले दोघं मोठे, येशूसंगं बोलत उभे. पेत्र नावाचा शिष्य भांबावून म्हणतो, लई बरं झालं आपण हितं आलो, तीन झोपड्या घालू. मंग ढग येतो, ढगातनं आवाज येतो, हा माझा लेक हाय, ह्याचं ऐका. शिष्य वर बघत्यात तर दुसरं कोणी न्हाई, एकटा येशू. रोजचाच.

"झालं," प्रतीक्षा म्हणली आन पुस्तक मिटलं.

"झालं कसं?" ठमाबाई सूप थांबवून म्हणल्या. "डोंगरावं चढलेलं मानूस उतरतंय का न्हाई? खाली आल्यावं काय झालं?"

प्रतीक्षा आईकडं बघाय लागली. आई तव्याकडं बघत व्हती. मंग पोरीनं पुस्तक परत उघडलं आन त्याच पानावर खाली वाचत गेली. डोंगराच्या पायथ्याला ही गर्दी. गर्दीत एक बाप. त्याच्या लेकराला कसलीशी बाधा, ती धरती तवा ते पडतंय, तोंडाला फेस येतोय, दात खातंय, ताठ व्हतंय. कधी इस्तवात पडतंय, कधी पाण्यात. खाली ऱ्हायलेल्या शिष्यांना काय त्याला बरं करता आलं न्हाई.

साळुबाईच्या हातातली भाकरी तव्यावर न पडता चुलीत पडली.

"हे... हे ह्याच डोंगराखालचं हाय?" तिनं इचारलं.

"ह्याच."

"मला त्या लेकराची गोष्ट ठावं हाय की. चर्चमधी ऐकलीया. पर ती येगळ्या रविवारी वाचत्यात!"

"येगळ्या रविवारी वाचत्यात, आई. पर घडलंय एकाच वक्ताला. वरनं उतरला तो ह्या पोरापाशीच आला."

"तुला ठावं व्हतं?"

"शाळंत असल्यापासनं."

"आन बोलली न्हाईस?"

"कोणाला बोलू? पाळकसाहेबांना ठावं न्हाई व्हय? वरचं वाचून झालं की ते पुस्तक मिटत्यात, समद्यांना थंडी वाजती, समद्यांना तुझं पिठलं दिसाय लागतं."

साळुबाईला राग यायला येळ लागायचा न्हाई, पर ह्या रागाला लागला. तो पायातनं वर चढत आला. अकरा वर्षं. अकरा वर्षं हितं चुलीपाशी बसून तिला वाटत व्हतं का सण वर चाललाय आन आपण त्याच्या भाईर हाओत. आन त्याच पानावर, बोटभर खाली, तिची पोर लिहिली व्हती.

तिनं उरलेल्या भाकऱ्या थापल्या. एकही कमी केली न्हाई. दुरडी भरली, वर फडकं टाकलं आन दुरडी मांडीपाशी वढून बसली.

मंडळी आली. पयले आले हौशीराम पंच, नेहमीसारखे, नाक म्होरं करून. मागनं भागुजी, प्लास्टिकात गुंडाळलेली ढोलकी पोटाशी धरून. मंग बाकीची, आन शेवटाला शांतवन पाळक, झगा गुडघ्यापर्यंत वर धरून.

"साळुबाय, वाढा वाढा," हौशीराम हात चोळत बसले. "वर लई आशीर्वाद मिळाला. आता खालचा द्या."

"देती. आदी वाचन व्हऊ द्या."

"वाचन झालं की वर."

"अर्धं झालं. ऱ्हायलेलं हितं व्हईल."

पाळकसाहेब झगा पिळत व्हते, ते थांबले. "ऱ्हायलेलं म्हणजे?"

"डोंगर उतरल्यावरचं. फिटवाल्या पोराचं."

"अहो साळुबाई, तो उतारा वेगळा आहे. त्याला आपण वेगळा रविवार ठेवलाय."

"डोंगर येगळा व्हता का, पाळकसाहेब?"

पाळकसाहेब झगा परत पिळाय लागले. मधी हौशीराम बोलले. "अवो, येशूनं पाच हजार लोकांना आदी जेवू घातलं का न्हाई? उपाशी मानसाला वचन कसं पचायचं?"

"हौशीभाऊ, तुमी पाच हजार न्हाई, पर जेवता तेवढ्यांचं. थोडं थांबलात तर वाळणार न्हाई."

बायका खुदकन हसल्या. भागुजी बायकोजवळ येऊन हळूच म्हणला, "अगं, चारचौघांत काय लावलंयस? पाळकसाहेब हायत."

"तुमी गप ऱ्हावा. तुमी वर ढोलकी बडवता, मला हितं ऐकू बी येत न्हाई."

पाळकसाहेब वाईट मानूस न्हवता. आंथरलेल्या घोंगडीच्या कडंला बसले आन समजावाय लागले. हा सण का हाय, ते. येशूला थोड्याच दिवसात वधस्तंभावर जायचं व्हतं. शिष्यांची छाती फुटू नये म्हणून त्यानं आपलं खरं रूप त्यांना एकदा दाखवलं. तो तिथं नवा कोण झाला न्हाई. व्हता तोच दिसला. आपल्या बी ह्या मातीच्या देहाला एक दिवस तसंच तेज चढंल, ही आपली आशा. "ती ताकद घेण्यासाठी आपण वर जातो," ते म्हणले.

"ताकद घेता ती कशापायी?" साळुबाईनं इचारलं. "वर बसायला?"

"पेत्राला तेच पायजे व्हतं," उंबऱ्यावरनं प्रतीक्षा म्हणली. "म्हणून तर झोपडी घालत व्हता. ढगातल्या आवाजानं त्याला झोपडी घाल म्हणून सांगितलं न्हाई, ह्याचं ऐक म्हणून सांगितलं. आन ज्याचं ऐकायचं तो तर चालाय लागला खाली. आपण मातर दरसाली वर झोपडी घालून येतो, पाळकसाहेब."

पाळकसाहेबांनी चष्मा काढला. पुसायला कोरडं कापड कुठंच न्हवतं, तसाच परत घातला.

"बरोबर आहे," ते म्हणले. "माझी चूक आहे. आणा पुस्तक, मी वाचतो."

"तुमी न्हाई," साळुबाई म्हणली. "ती वाचंल."

आता मातर कुजबूज उठली. भागुजीचं तोंड उतरलं. "साळू, रातधरनं तिची झोप न्हाई. समद्यांम्होरं फिट आली तर?"

"आली तर आली, दादा," प्रतीक्षा उठत बापाला म्हणली. "त्या पोराला बी येशूम्होरंच आली व्हती. येशूला बघितलं न बघितलं तोच. वाचू का दाखवू?"

ती मधी येऊन उभी ऱ्हायली आन वाचाय लागली. आवाज असा का ठमाबाईची म्हैस बी गप झाली. गर्दी आली, बाप आला. बाप म्हणला, तुमच्या शिष्यांना सांगितलं पर त्यांना जमलं न्हाई. हितं हौशीरामांनी मान खाली घातली, कुणी सांगितलं न्हवतं तरी. येशूनं इचारलं, ह्याला हे कधीपासनं व्हतंय? बाप म्हणला, लहानपणापासनं.

त्या शब्दावर प्रतीक्षाचा आवाज अडला. डोळे एका बाजूला वढले गेले. पुस्तक आदी पडलं, मंग ती.

"कांदा आणा! कांदा हुंगवा!" कोणतरी वराडलं. दुसऱ्यानं पायातली चप्पल काढली.

"कांदा न्हाई, चप्पल न्हाई!" साळुबाई एका उडीत लेकीपाशी पोचली. "कुशीवर वळवा. तोंडात काय घालू नका, हात दाबून धरू नका. हौशीभाऊ, घड्याळ बघा. पाच मिनटाच्या वर गेलं तर जीप काढायची, सरळ नारायणगावचा डॉक्टर. किती वाजलं?"

"दो... दोन वाजून अकरा," हौशीराम म्हणले. डोळा काट्यावरनं हालला न्हाई.

डोकं दगडी फरशीवर आपटत व्हतं. पाळकसाहेबांनी अंगातनं झगा काढला, घडी केली आन डोक्याखाली सरकवला. पांढऱ्यावर चिखल, लाळ, थोडं रगत. ते तिथंच मांडी घालून बसले. भागुजी पायाशी बसला. साळुबाईनं मान वर करून बघितलं. पडवीला तिन्ही बाजू मोकळ्या व्हत्या, म्होरं अख्खं रान पसरलेलं. पर कोणी पळालं न्हवतं. पोरंसुद्धा उभी व्हती, भ्यालेली, पर उभी.

"दोन वाजून तेरा," हौशीराम म्हणले. "आन थोडं वर. थांबलं का? थांबलं ना वो?"

थांबलं व्हतं. प्रतीक्षा घोरल्यासारखा श्वास घेत पडली, मढ्यावाणी पांढरी. फिटीनंतर ती अशी निजायची, साळुबाईला ठावं व्हतं. तिनं लेकीचं तोंड पदरानं पुसलं, दुरडीपाशी गेली आन फडकं काढलं.

"बसा समदे. वाढती मी. तुमी थांबलात, लई झालं."

कोणी पान पुढं केलं न्हाई. साळुबाईनं हौशीरामांम्होरं भाकरी धरली. त्यांनी ती घेतली, बघितली आन परत दुरडीत ठिवली.

"वाचन ऱ्हायलंय," ते म्हणले.

मंग ती चाळीस मानसं तशीच बसली. पिठल्यावर साय धरली. कोणी गाणं सुरू केलं न्हाई, कोणी मोठ्यानं प्रार्थना केली न्हाई. एका बाईनं आपली शाल प्रतीक्षाच्या पायावर टाकली, ती बी वल्लीच व्हती. ठमाबाईंनी चुलीत लाकूड सारलं. अर्ध्या तासानं प्रतीक्षानं डोळे उघडले. वर चाळीस तोंडं बघून तिच्या कपाळाला आठी पडली.

"मेले का काय मी? असं काय बघताय?"

"दोन मिनटं न् थोडं वर," हौशीराम म्हणले, जणू तिनं तेच इचारलं.

"मी वाचतो पुढचं, बाळ," पाळकसाहेब हळूच म्हणले. "तू पडून राहा."

"न्हाई." जीभ चावली गेली व्हती, शब्द जड पडत व्हते. "माझं वाचन हाय. कुठं व्हते मी?"

पुस्तक भागुजीनं उचलून ठिवलं व्हतं. पान भिजून चिकटलेलं. त्यानं ते फुंकर मारून सोडवलं, पर ओळ काय त्याला गावंना. हौशीरामांनी गुडघ्यावर सरकत येऊन बोट ठिवलं. "हितं. लहानपणापासनं, हितवर आलीवतीस."

साळुबाईनं लेकीला उठवून आपल्या छातीला टेकवून बसवलं. प्रतीक्षानं वाचलं. एकेक शब्द, दम खात. तो बाप रडत म्हणला, माझा इश्वास हाय, जिथं कमी पडतोय तिथं मला हात दे. पोर मेल्यासारखं पडलं, लोकं म्हणली, गेलं. येशूनं त्याचा हात धरला, त्याला उठवलं, आन ते उभं ऱ्हायलं.

एवढं झाल्यावर हौशीरामांना ऱ्हावलं न्हाई. हात वर करून ते म्हणले, "परभू, आत्ताच्या आत्ता ह्या पोरीला बी..."

"काका," प्रतीक्षा म्हणली, "मागा, खुशाल मागा. पर राती नवाची फिटीची गोळी चुकवून चालायचं न्हाई, ते बी आईला आठवण करून द्या. अजून दोन ओळी ऱ्हायल्यात. तुमच्याच हायत, शिष्यांच्या. आमाला का जमलं न्हाई म्हणून इचारत्यात."

"वाच," हौशीराम म्हणले आन हात खाली घेतले.

आन तिनं त्या दोन ओळी बी वाचल्या, शेवटापर्यंत. येशू त्यांना म्हणला, असली बाधा प्रार्थनेबिगर दुसऱ्या कशानं निघत न्हाई.